ग्रामीण कॉलेजमधल्या पदवीच्या मुलांना सरकारी नोकरीसाठी तयार करायचंय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: अरुणावती_काठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्राचं काम यंदा माझ्याकडे आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं-मुली आहेत, बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस.

हाताशी एक खोली, दहा संगणक, पुस्तकांची दोन कपाटं आणि एक मोकळं मैदान आहे. दरवर्षी एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचं व्याख्यान होतं. त्यानंतर आठवडाभर खोली भरलेली असते, मग ओसरते. सरकारी नोकरी म्हटलं की मुलांना तलाठी, पोलीस आणि एमपीएससी एवढंच ठाऊक. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की मुलं घरी जातात, शेतात लागतात, आणि दोन वर्षांनी कुणीतरी विचारायला येतं की मॅडम, आता काय भरू?

यावर्षी पहिल्या वर्षापासून नीट बसवायचं आहे. आधी काय हाती घ्यावं, कोणत्या परीक्षांकडे वळवावं, मैदानाचं कसं करावं, आणि सरकारी खात्यांना कॉलेजशी कसं जोडावं? शिकवणीला पैसे नाहीत हे धरूनच सांगा.

उत्तर १: सेतू_ते_एसडीओ

मॅडम, अभ्यासाच्या आधी कागद. निवड यादीत नाव येऊनही कागदपत्र तपासणीत मुलं बाहेर पडतात, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षालाच हात घातला असता तर टळण्यासारखं असतं. पुण्याच्या क्लासमध्ये हे कोणी करून देत नाही. कॉलेज करू शकतं.

एक मोठी वही घ्या, प्रत्येक विद्यार्थ्याला एक ओळ. रकाने: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव, आधारवरचं नाव, दोन्हीकडची जन्मतारीख, अधिवास, जातीचा दाखला, त्याची वैधता (जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र), नॉन-क्रिमीलेयर (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला) कोणत्या ३१ मार्चपर्यंत, केंद्राचा दाखला आहे का, समांतर आरक्षण (महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त अशा गटांसाठीचं) काही लागू आहे का.

नावाचा रकाना भरतानाच निम्म्या अडचणी दिसतील. आपल्याकडे वडिलांच्या नावापुढे कुठे 'राव', कुठे 'जी' चिकटलेलं असतं. दहावीत 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्वरराव', सातबारावर 'नानाजी'. दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. दहावीच्याच कागदात चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाच्या विभागीय कार्यालयात प्रस्ताव जातो, त्याला वेळ लागतो, म्हणून तो आधी टाका. नाव खरोखर बदललेलं असेल तर राजपत्र.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्याला कुटुंबाचा वडिलांच्या बाजूचा जुना पुरावा लागतो आणि तो ठरावीक तारखेच्या आधीचा हवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. विदर्भात शाळेचा दाखल-खारीज उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल हे दोन पुरावे सगळ्यात कामाचे. आजोबा शाळेत गेलेच नसतील तरी त्यांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात सापडू शकते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव आणि साधारण साल लिहून नकलेचा अर्ज करायचा. नोंद बघताना तीन गोष्टी तपासा: बापाचं नाव, गाव, आणि जातीच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय. जुन्या नोंदीत आडनाव बऱ्याचदा नसतंच. तेव्हा आजोबा-वडील-मुलगा ही साखळी वंशावळीच्या शपथपत्राने आणि मधल्या पिढीच्या शाळेच्या दाखल्याने जोडावी लागते. नोंद मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

वैधतेत कला शाखेची मुलं मागे राहतात. बारावी विज्ञानाच्या मुलांनी अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसीच्या प्रवेशासाठी ती काढलेली असते. बी.ए.च्या प्रवेशाला कोणी मागत नाही, म्हणून काढलेली नसते. समिती अर्ज घेताना कारण विचारते, त्यामुळे पहिल्या वर्षाला सगळ्यांचा अर्ज दाखल होईलच असं नाही. पण पुरावे गोळा करायला कोणाची परवानगी लागत नाही. वडील, काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कोणाची वैधता निघाली असेल तर त्याची प्रत आत्ताच फाईलला लावा, अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं. आईकडची चालत नाही. लग्न झालेल्या मुलीचे जातीचे पुरावेही माहेरचेच लागतात.

नॉन-क्रिमीलेयर: अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. बाकी मागास प्रवर्गांना लागतं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर तीन वर्षांसाठी मिळतं. मुलं एकाच वर्षाचे जोडतात आणि मग ऐन जाहिरातीत एप्रिल उजाडतो, दाखला संपलेला असतो. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी ही अट मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढलेली आहे. हे अजून अनेक मुलींना माहीत नाही, त्या उगाच सेतूवर चकरा मारतात.

केंद्राच्या नोकरीला (रेल्वे, स्टाफ सिलेक्शन कमिशन, बँक, टपाल) राज्याचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. दोन्हीकडच्या याद्याही सारख्या नाहीत. तुमच्या भागात बंजारा मुलं भरपूर असतील: ती राज्यात विमुक्त जाती (अ), केंद्रात ओबीसी. कुणबी दोन्हीकडे ओबीसी. मराठा मुलांना राज्यात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही, तिथे निकषात बसत असतील तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर दाखला मिळत नाही, मग ती शेती कोरडवाहू असो की पडीक. ज्यांची सातबारावर सहा-सात एकर आहे त्यांना हे आधीच सांगा.

समांतर आरक्षणात प्रकल्पग्रस्तांचे ५ टक्के विसरू नका. बेंबळा, अरुणावतीच्या बुडीत गावांतली नातवंडं आता तुमच्या वर्गात आहेत. एका प्रमाणपत्रावर कुटुंबातल्या एकालाच नोकरीचा लाभ मिळतो, म्हणून ते कोणाच्या नावावर आहे आणि वापरलं गेलंय का, हे घरी विचारायला लावा. खेळाडूंचेही ५ टक्के आहेत, पण नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून त्याची पडताळणी आधी करून ठेवावी लागते.

हे सगळं एकेकट्याने करायला लावू नका. महाराजस्व अभियानात तहसील कार्यालय दाखल्यांची शिबिरं घेतं. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत 'अधिवासाचे इतके, नॉन-क्रिमीलेयरचे इतके' अशी यादी घेऊन तहसीलदारांना भेटा. आकडा पाहिला की शिबिराची तारीख मिळायला सोपं जातं. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. दहावी-बारावीच्या निकालानंतर जून-जुलैत सेतूवर पाय ठेवायला जागा नसते, आणि ऑक्टोबरला सोयाबीन काढणी लागली की मुलं येत नाहीत.

अरुणावती_काठ

सर, वही आजच आखते. ईडब्ल्यूएसच्या पाच एकरांचं मलाही नीट माहीत नव्हतं. एक सांगा, शेवटच्या वर्षाची मुलं निकालाआधी अर्ज करू शकतात का? आमच्याकडे दरवर्षी यावरून गोंधळ होतो.

उत्तर २: अभ्यासिका_वऱ्हाड

परीक्षेनुसार वेगळं आहे, म्हणून जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता कोणत्या दिनांकास' ही ओळ आधी वाचायला शिकवा. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला शेवटच्या वर्षाचे बसू शकतात, मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत पदवी हातात हवी. यूपीएससीलाही बसता येतं. पण सरळसेवेत, म्हणजे खात्यांच्या थेट भरतीत (तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, जिल्हा परिषद वगैरे) अर्जाच्या शेवटच्या तारखेला पदवी झालेली असावी लागते. बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या जाहिरातीत स्वतंत्र तारीख दिलेली असते. इथे पेपर संपल्याची तारीख धरत नाहीत, निकाल जाहीर झाल्याची धरतात. विद्यापीठाचा निकाल लांबला किंवा एक विषय राहिला तर त्या जाहिरातीपुरतं दार बंद. मागच्या सत्राचे राहिलेले विषय लवकर काढायला लावणं हीसुद्धा नोकरीचीच तयारी आहे.

आता कोणत्या परीक्षा. माझं स्पष्ट मत: पदाच्या नावावरून गट पाडू नका, वय आणि विषय यावरून पाडा.

वय आधी घ्या. स्टाफ सिलेक्शनची जीडी कॉन्स्टेबल (केंद्रीय निमलष्करी दलांतला शिपाई) १८ ते २३. पोलीस शिपाई १८ ते २८, मागासवर्गाला ३३ पर्यंत. बँक लिपिक २० ते २८. रेल्वेच्या एनटीपीसी (बिगर-तांत्रिक पदांच्या) परीक्षेतली पदवीची पदं १८ ते ३३. एमपीएससी राज्यसेवा १९ ते ३८, मागासवर्गाला ४३. केंद्राच्या परीक्षांत ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं वाढीव. आपली मुलं नेमकं उलटं करतात. विशी ते सव्विशी सगळी राज्यसेवेच्या मागे, आणि बाकीची दारं लागल्यावर इकडे वळतात. जे दार आधी लागतं तिथे आधी धडका द्यायला लावा. राज्यसेवा पळून जात नाही, नोकरीत राहूनही देता येते.

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, लेखी १७५० आणि मुलाखत २७५ गुण. त्यासाठी लिहिण्याचा सराव लागतो, गाईड पाठ करून भागत नाही. वर्गातल्या ज्या पाच-सात मुलांना वाचनाची खरी ओढ आहे त्यांना त्या वाटेवर ठेवा. सगळ्या वर्गाला राज्यसेवेचं स्वप्न दाखवणं मला योग्य वाटत नाही.

विषयांकडे या. अंकगणित आणि बुद्धिमत्ता हे दोन विषय पोलीस, ग्राम महसूल अधिकारी, रेल्वे, बँक, स्टाफ सिलेक्शन सगळीकडे आहेत. कला शाखेचं पोर सहसा इथेच अडतं, कारण दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला असतो. पहिल्या वर्षाला फक्त हेच घ्या: पाढे ३० पर्यंत, वर्ग ३० पर्यंत, घन १५ पर्यंत, मग शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग. शेकडेवारी पक्की झाल्याशिवाय पुढे सरकू नका, पुढची निम्मी प्रकरणं तिच्यावरच उभी आहेत. दुसऱ्या वर्षाला मराठी आणि इंग्रजी व्याकरण. २०२३ च्या तलाठी परीक्षेत १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास असं होतं; मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक-अंकगणित प्रत्येकी २५ प्रश्न. म्हणजे निम्मा पेपर भाषेचा. इंग्रजीला घाबरून सोडणारी मुलं पाव पेपर घरीच ठेवून जातात.

माध्यमाची भीतीही काढा. स्टाफ सिलेक्शनची एमटीएस (बहुउद्देशीय कर्मचारी), सीएचएसएल (बारावीवरची) आणि जीडी मराठीतून देता येते, रेल्वेच्या परीक्षा मराठीतून आहेत, ग्रामीण बँकेचीही. पदवीवरची सीजीएल मात्र इंग्रजी-हिंदीतच. ग्रामीण बँकेत स्थानिक भाषा यावीच लागते, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्याला तिथे कमीपणा नाही. विदर्भ कोकण आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एकच झाल्या आहेत, जुन्या नावाच्या पुस्तकांत अडकू नका.

ग्रामीण डाक सेवक हे वेगळं प्रकरण. परीक्षाच नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. वय १८ ते ४०, दहावीत मराठी असावी, सायकल चालवता यावी. ज्यांना दहावीत भरघोस गुण आहेत त्यांनी प्रत्येक फेरीत अर्ज टाकावाच. ती पूर्ण वेळची नियमित नोकरी नव्हे, पण पुढे खात्यांतर्गत परीक्षेने पोस्टमन किंवा एमटीएस होता येतं. शाखा डाकपाल व्हायचं तर त्या गावात राहावं लागतं आणि कार्यालयासाठी जागा द्यावी लागते, हे अर्जाआधी घरच्यांना माहीत असू द्या.

लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट लागतं. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात टायपिंगला घाला. जाहिरात आल्यावर ते आठवड्यात होत नाही.

ते दहा संगणक फार मोलाचे आहेत मॅडम. ऑनलाइन परीक्षेत अनेक मुलांची पहिली दहा मिनिटं माउस सांभाळण्यात जातात, कारण आयुष्यभर मोबाइलवर अंगठा फिरवलेला असतो. दर शनिवारी दहा-दहाच्या तुकड्या करून वेळ लावून १०० प्रश्न सोडवून घ्या, कच्च्या कामाला एकच कागद. नंतर गुणांपेक्षा तीन आकडे लिहायला लावा: सोडवले किती, चुकले किती, त्यातले अंदाजाने मारलेले किती. एमपीएससी आणि बँकेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, रेल्वेत एक तृतीयांश. २०२३ च्या तलाठीत कापत नव्हते. ज्या परीक्षेत कापत नाहीत तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण सांडणं.

अर्ज भरण्याबद्दल थोडं. नेट कॅफेवाला स्वतःचाच ईमेल आणि नंबर टाकतो, मग प्रवेशपत्र निघालं की नाही ते मुलाला कळत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल, स्वतःच्या नावावरचं सिम, आणि पासवर्ड वहीत. फोटो आणि सही सांगितलेल्या मापात करून सगळ्यांच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत अर्ज करायचा नाही असा नियमच करा, कारण पैसे खात्यातून जातात आणि पावती येत नाही, तेव्हा तक्रारीला वेळ उरत नाही. सरळसेवेच्या परीक्षांना खुल्याला १००० आणि मागासवर्गाला ९०० रुपये शुल्क घेतलं गेलंय, मजुरीच्या घरात ही रक्कम मोठी आहे. स्टाफ सिलेक्शनला १०० रुपये आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांगांना माफ. रेल्वे परीक्षेला बसलं की बरेचसे पैसे परत करते, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना बँकेचे चार्जेस सोडून सगळेच. म्हणून सरावाच्या पहिल्या खऱ्या परीक्षा म्हणून केंद्राच्या घ्या.

पोलीस भरतीत एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज केला तर उमेदवारी जाते, पण शिपाई, चालक, राज्य राखीव दल असे वेगवेगळ्या पदांचे अर्ज चालतात. घराजवळचा जिल्हा म्हणून डोळे झाकून भरू नका. आपल्या प्रवर्गाच्या जागा कुठे किती आहेत तो तक्ता आधी उघडा.

उत्तर ३: मैदान_पहाटे_पाच

मैदानाचं मी सांगतो. पोलीस भरतीत आधी शारीरिक ५० गुण, त्यात निम्मे मिळाले तरच पुढे, आणि लेखीला जागांच्या दहापट मुलंच बोलावतात. म्हणजे कितीही हुशार असला तरी मैदान कमी पडलं की लेखीचा पेपर हातात येतच नाही.

पहिल्या दिवशी टेप घेऊन उंची मोजा, बूट काढून. पोलिसाला मुलगा १६५ सेंमी, मुलगी १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त. १६३ सेंमीच्या पोट्ट्याला तीन वर्षं पळवून शेवटी मापात काढून टाकलं तर वाईट वाटतं. त्याला वनरक्षकाकडे वळवा, तिथे मुलगा १६३, मुलगी १५० चालते आणि अनुसूचित जमातीला आणखी सवलत आहे. वनरक्षकाला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. कला शाखेतल्या भूगोल-अर्थशास्त्रवाल्यांना हे कोणी सांगत नाही. तिथे १२० गुणांची लेखी आधी, मग ८० गुणांची धाव: मुलांना ५ किमी, मुलींना ३.

त्याच दिवशी दुसरं काम: प्राथमिक आरोग्य केंद्रातून सगळ्यांची सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि हिमोग्लोबिन तपासणी. आपल्या भागात हे सोडून चालत नाही. सिकलसेलचा वाहक असलेलं पोर एरवी ठणठणीत असतं, पण उन्हात, पाणी न पिता जीव तोडून पळालं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारूनच त्याचा सराव ठरवा. मुलींत रक्त कमी असणं नेहमीचं आहे. आठ हिमोग्लोबिनवर ८०० मीटरचा वेळ कमी होत नाही, तिला आधी लोहाच्या गोळ्या आणि जेवण.

मैदान मोजून आखा. मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर विसंबू नका. ९० बाय ४० मीटर जागा असेल तर २०० मीटरचा ट्रॅक बसतो. दोन सरळ बाजू ५०-५० मीटर, दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळाच्या मध्यावर खुंटी ठोका, दोरीने १५.६२ मीटर त्रिज्येची आतली रेषा फक्कीने मारा. त्या रेषेपासून ३० सेंमी बाहेरून धावलं की फेरी बरोबर २०० मीटरची. १६०० ला आठ फेऱ्या. काळी माती असेल तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून तेवढ्या पट्ट्यावर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा. ग्रामपंचायतीला किंवा गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं तर होतं. मैदान नाही म्हणून डांबरी रस्त्यावर रोज पळणाऱ्यांची नडगी दुखायला लागते आणि ऐन भरतीत पाय धरतो.

पूर्ण २० गुणांसाठी मुलाला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात, म्हणजे दर ४०० मीटर (दोन फेऱ्या) साडेसत्याहत्तर सेकंदांत. मुलीला ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदात, दर ४०० मीटर ८५ सेकंदांत. सुरुवातीपासून हा वेळ मागू नका. पहिले सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल इतक्या सावकाश, २० मिनिटांपासून ४० पर्यंत. मग आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या चार ते सहा धावा, मध्ये अडीच-तीन मिनिटं चालणं. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण अंतराची चाचणी, वेळ वहीत. पोरं पहिल्या दोनशे मीटरला सुसाट सुटतात आणि तिसऱ्या चारशेला बसतात. प्रत्येक फेरीचा वेळ मोठ्याने सांगत राहिलं की ही खोड जाते.

गोळ्याचे १५ गुण फुकट घालवू नका. मुलांचा ७.२६० किलो, मुलींचा ४ किलो, पूर्ण गुणांसाठी साडेआठ आणि सहा मीटर. दगड फेकून सराव होत नाही, खरा गोळा घ्या. गोळा मानेला टेकलेला, ढकलायचा आहे, फेकायचा नाही, आणि जोर पायातून येतो. फेकल्यावर पुढे तोल जाऊन पाय रेषेबाहेर पडला की फाऊल, म्हणून तोल सावरणं वेगळं शिकवा. १०० मीटरला पूर्ण गुण मुलांना साडेअकरा, मुलींना १४ सेकंदांत.

वेळ पहाटे ५ ते साडेसहा. मार्चनंतर सातच्या पुढे मैदानावर कोणी दिसायला नको. खाण्यात भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, जवसाची चटणी, जमेल त्याला अंडी. पावडरीच्या डब्यांची गरज नाही.

एनसीसी असेल तर चालू ठेवा. जीडी कॉन्स्टेबलला 'सी' प्रमाणपत्राला ५ टक्के, 'बी'ला ३ आणि 'ए'ला २ टक्के बोनस गुण मिळतात. तिथे धाव मोठी आहे: मुलांना ५ किमी २४ मिनिटांत, मुलींना १.६ किमी साडेआठ मिनिटांत. ती फक्त पात्रतेसाठी.

उत्तर ४: झाडीपट्टी_वाचनालय

खात्यांना जोडण्याबद्दल. मोठ्या साहेबांचं व्याख्यान जरूर ठेवा, पण वर्षातून एकदा. महिन्याला बोलवा ते त्याच तालुक्यात काम करणाऱ्यांना: ग्राम महसूल अधिकारी, वनरक्षक, शाखा डाकपाल, बँकेचा लिपिक, कृषी विभागातले सहायक, पोलीस ठाण्यातली शिपाई ताई. आणि भाषण मागू नका. चार प्रश्न आधी पाठवा: दिवसभर काम काय असतं, पहिला पगार हातात किती आला, बदली कुठे-कुठे होते, कोणत्या विषयाने तारलं. तीस मुलं, पाऊण तास, खुर्च्या गोल मांडून. त्याच गावच्या बोलीत बोलणारं माणूस समोर बसलं की पोरांना ती खुर्ची आपली वाटायला लागते.

नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आहेत. ते ग्रामपंचायत, तहसील, प्राथमिक आरोग्य केंद्र, पंचायत समितीत करून घ्या. प्राचार्यांचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी, कामाचे तास आणि नेमकं काम (मागणी नोंदवहीची तपासणी, ग्रामसभेचं टिपण असं काही) लिहून द्या. 'मुलं पाठवतो, काम द्या' म्हटलं तर ती बाकावर बसून परत येतात.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ पासून आहे, पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलेलं. कार्यालयातलं काम शिकायला चांगली, पण त्यातून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही. हे मुलांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.

शिकवणीला पैसे नाहीत म्हणता, तर फुकटच्या योजना प्रवर्गानुसार वहीत लिहून ठेवा. अनुसूचित जातीसाठी बार्टी, जमातीसाठी टीआरटीआय, ओबीसी-विमुक्त-भटक्या-विशेष मागासांसाठी नागपूरची महाज्योती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी अमृत. कुणबी मुलाला दोन दारं आहेत, पण एका वेळी लाभ एकाच संस्थेचा. यांचे अर्ज थोड्या दिवसांसाठी उघडतात आणि बहुतेक ठिकाणी निवडीसाठी चाळणी परीक्षा असते. नागपूर आणि अमरावतीला भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रंही आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी.

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या अनुसूचित क्षेत्रातली गावं कोणती, याची यादी लावा. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रातली काही पदं त्याच क्षेत्रातल्या अनुसूचित जमातीच्या स्थानिक उमेदवारांसाठी असतात. तुमच्या कोलाम, गोंड, आंध मुलांपैकी कोणाचं गाव त्यात येतं ते त्यांनाही ठाऊक नसतं.

अरुणावती_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं. मुलींचं काय करावं? पहिल्या वर्षाला सराव वर्गात त्या निम्म्याहून जास्त असतात, तिसऱ्या वर्षाला बोटावर मोजण्याइतक्या उरतात.

सेतू_ते_एसडीओ

मॅडम, वर्ग कॉलेजच्या वेळेतच ठेवा, अकरा ते एक. पाचनंतरच्या वर्गाला शेवटची एसटी आडवी येते आणि घरून पहिला नकार तिथेच येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारी, उपस्थितीवरून नाव कापू नका. त्या काळात सराव संच घरी द्या आणि संक्रांतीनंतर उजळणी घ्या.

पालक सभा वेगळी घ्या, आईला बोलवा. राज्याच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, स्टाफ सिलेक्शनला शुल्क नाही, एसटीला अर्धं तिकीट आहे, हे आकडे फळ्यावर लिहा. परीक्षा केंद्र नागपूर-अमरावतीला आलं तर चार-पाच मुलींची एकत्र जाण्याची सोय आणि सोबत एक प्राध्यापिका, एवढं कॉलेजने पत्रावर लिहून दिलं तर घरचे पाठवतात.

आणि लग्न ठरलेल्या मुलीला एवढं नक्की सांगा: चालू असलेल्या भरतीचा निकाल लागेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नको. अर्ज माहेरच्या नावाने आणि तपासणीला सासरच्या नावाचं आधार असं झालं तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्र दोन्ही सोबत लागतात. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते, ती लग्नाच्या आठवड्यातच करून घ्यायला लावा.